फ्लडगेट्स कोण उघडतं?

ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतं: एका क्लायंटला हे फीचर दिलं, की ‘फ्लडगेट्स’ उघडतील! पुढे कुणी काही विचारत नाही.

खरी फ्लडगेट्स बघायची तर लंडनमधल्या थेम्स बॅरिअरची बघा. 1953 च्या समुद्री पुरात इंग्लंडमध्ये 300 हून जास्त माणसं गेली, आणि त्यातूनच पुढे हा बांध उभा राहिला. 1982 पासून तो वापरात आहे. एकूण 10 दरवाजे. त्यातले मुख्य दरवाजे एरवी नदीच्या तळाशी आडवे पडलेले असतात, म्हणजे उघडेच, आणि त्यांच्यावरून जहाजं जातात. समुद्राला मोठं उधाण येणार असलं की ते उचलून बंद करतात आणि पाणी उतरलं की पुन्हा खाली सोडतात. थोडक्यात, तिथे फ्लडगेट्स उघडी असणं ही रोजची गोष्ट.

वाक्प्रचारातला दरवाजा मात्र एकदाच उघडतो, आणि परत मिटतच नाही. तो चालवणारा ऑपरेटरही गायब! ब्रिटिश राजकारणात स्थलांतरितांबद्दल हा शब्द येतो, तेव्हा तो मला सरळ लबाड वाटतो. 1978 मध्ये टीव्हीवर याच विषयावर बोलताना मार्गारेट थॅचर यांनी ‘स्वॅम्प्ड’ हा शब्द वापरला, तोही पाण्याचाच. माणसांचा लोंढा केला, की कुणाला नाव-गाव विचारावं लागत नाही.

मी व्हिसाच्या रांगेत उभा होतो, तेव्हा माझ्या हातातल्या कागदावर वेळ छापलेली होती: सकाळी 9.15.