शाब्दिक उदाहरणांतले शब्द

दहावीच्या बीजगणितातील ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा घटक शिकवताना बहुतेक शिक्षकांचा अनुभव एकच असतो. एका चलाचा लोप करणे, आलेख काढणे, निश्चयकाची किंमत काढून क्रेमरच्या पद्धतीने उकल शोधणे, हे सारे मुले बऱ्यापैकी पार पाडतात. शाब्दिक उदाहरणे आली की मात्र वर्ग थंड पडतो. २०१८ साली आलेल्या ‘गणित भाग १’ या पुस्तकात ही उदाहरणे प्रकरणाच्या शेवटच्या सरावसंचात आहेत. आधी हत्यारे, मग काम, असा हा क्रम. तोवर मुलाचा समज पक्का झालेला असतो की समीकरण ही आयती मिळणारी वस्तू आहे. या क्रमाबद्दल आणि उदाहरणांच्या निवडीबद्दल आमची तक्रार आहे.

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीत तुरीचे आंतरपीक घेतात. आठ तास कपाशी आणि एक तास तूर, असे बोलले जाते. (गणिताच्या पुस्तकातला तास साठ मिनिटांचा असतो, शेतातला तास म्हणजे पेरणीची ओळ. हा घोटाळा वर्गात आधीच मिटवलेला बरा.) आता असे उदाहरण घेऊ : एका शेतात कपाशी व तूर मिळून ५४ ओळी आहेत. कपाशीच्या ओळी तुरीच्या ओळींच्या आठपट आहेत. तर प्रत्येकाच्या किती?

कपाशीसाठी क्ष आणि तुरीसाठी य घेतल्यावर क्ष + य = ५४ हे कोणीही लिहील. दुसरे समीकरण मात्र अनेक मुले ८क्ष = य असे लिहितात. त्यातून क्ष = ६, य = ४८ असे उत्तर येते. पुस्तकी सवयीप्रमाणे मूल हे उत्तर आपल्या समीकरणांत घालून पाहते. ६ + ४८ = ५४, बरोबर. ८ × ६ = ४८, तेही बरोबर. ताळा जमला! आणि शेतात सहा ओळी कपाशी, अठ्ठेचाळीस ओळी तूर उभी राहिली.

ही चूक केवळ कच्च्या मुलांची नव्हे. अमेरिकेतील जॉन क्लेमंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात नेमके हेच दाखवले होते. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे वाक्य समीकरणात मांडायला सांगितले, तेव्हा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ३७ टक्के चुकले, आणि बहुतेकांची चूक गुणक उलट्या बाजूला लिहिण्याची होती. कारण असे की चूक करणाऱ्याच्या मनात अक्षर ही संख्या नसते, ते वस्तूचे नाव असते. ‘आठ कपाशीमागे एक तूर’ हे चित्र तो जसेच्या तसे उतरवतो. म्हणून ‘समजा कपाशी क्ष’ असे फळ्यावर लिहिणे आम्हांला धोक्याचे वाटते. ‘समजा कपाशीच्या ओळींची संख्या क्ष’ असेच लिहावे. वेळ जातो, जाऊ द्यावा. आणि ताळा समीकरणात न घेता गोष्टीत घ्यावा. कपाशीत तूर पेरलेली रोज पाहणारा मुलगा ४८ ओळी तूर ऐकून हसेल, पण उत्तर शेतात नेऊन पाहा असे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

या जिल्ह्यात घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारी मुले पुष्कळ. ‘च्या दुपटीपेक्षा ५ ने कमी’ ही पुस्तकी मराठी त्यांना आधी आपल्या बोलीत आणावी लागते आणि मग बीजगणितात. नापास होते ते बहुधा पहिले भाषांतर, पण गुण गणितात जातात.

गाइडांनी यावर काढलेला तोडगा सर्वांना ठाऊक आहे : वयाची उदाहरणे, अंकांची उदाहरणे, नाव आणि प्रवाहाची उदाहरणे, आणि प्रत्येकाचा ठरलेला साचा. साचा पाठ झाला की वाक्य वाचण्याची गरजच उरत नाही. मात्र ‘जीवनाशी संबंध नाही’ म्हणून सगळी जुनी उदाहरणे फेकावीत, असे आम्ही म्हणणार नाही. दोन अंकी संख्येतील अंकांची अदलाबदल जीवनात कोणी करत नाही, तरी १०क्ष + य लिहिताना स्थानिक किंमत पुन्हा समजते आणि फरक नेहमी ९ च्या पटीत का येतो हेही उलगडते. उलट ‘३ वह्या व २ पेनांची किंमत’ हे जीवनातले उदाहरण पोकळ आहे. वहीची किंमत हवी असेल तर माणूस दुकानदाराला विचारतो!

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातील ग्रंथात एक सुंदर उदाहरण आहे. एक मित्र म्हणतो, मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन. आपण लगेच क्ष आणि य घेऊ. आचार्यांनी एकच अव्यक्त राशी घेतली : पहिल्याचे धन २क्ष − १००, दुसऱ्याचे क्ष + १००. पहिली अट मांडणीतच पुरी झाली. दुसऱ्या अटीवरून क्ष + ११० = ६(२क्ष − ११०), म्हणजे क्ष = ७०. एकाजवळ ४०, दुसऱ्याजवळ १७०. दहावीच्या मुलाने असे सोडवले तर ‘दोन चले घेतली नाहीत’ म्हणून त्याचे गुण कापू नयेत.

खरोखर न दिसणारी राशी हवी असेल तर जिनिंगमध्ये जावे. समजा दोन जातींचा मिळून १०० क्विंटल कापूस आला. एकीचा रुईचा उतारा ३३ टक्के, दुसरीचा ३६ टक्के. रुई निघाली ३४.२ क्विंटल. ढिगाकडे पाहून कोणती जात किती हे कोणी सांगू शकत नाही, समीकरणे सांगतात : ६० आणि ४० क्विंटल.

आणखी एक उणीव. शाब्दिक उदाहरणाला हटकून एकच उत्तर असते. पण आलेखात समांतर आणि एकरूप रेषा आपण शिकवतोच ना? मग दोन बिले द्यावीत. सोमवारी २ किलो तूरडाळ व ३ किलो साखर, ४२० रुपये. गुरुवारी ४ किलो तूरडाळ व ६ किलो साखर, ८४० रुपये. भाव काढा. वर्गातली अर्धी मुले शून्य बरोबर शून्य पाहून खोडरबर शोधतील. त्यांना आलेख काढू द्यावा. नंतर दुसरे बिल ८०० रुपयांचे करावे. आता रेषा समांतर येतात, उकल नाही. क्रेमरच्या पद्धतीत छेद शून्य येतो तोही इथेच. मग विचारावे, असे बिल खरोखर हातात पडले तर? दोन्ही दिवशी भाव तेच होते, हे कोणी सांगितले होते?