बटणांवरची फरशी

आमच्या शाळेला मागे प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा एक मोठा खोका भेट मिळाला. सोबत दुकानाच्या दुमजली इमारतीची सूचनापुस्तिका होती. सातवीच्या मुलांनी आठवड्याभरात इमारत उभी केली, ती काचेच्या कपाटात गेली, आणि येणारे पाहुणे तिच्या खिडक्या-छपराचं कौतुक करू लागले. मला मात्र तिची जमीन खटकायची. काळ्या-पांढऱ्या चौकटींची, नीटनेटकी, चकचकीत. पण त्या जमिनीमुळे ते दुकान दुकान न वाटता संस्थानिकाचा दरबार वाटे. असं का होतं, याचा शोध घेताना मुलांबरोबर माझाही बराच अभ्यास झाला. तेव्हा या लेखात भिंती आणि छप्पर बाजूला ठेवून फक्त जमिनीबद्दल बोलू.

आधी मापं. लेगो कंपनीने ज्या ठोकळ्याचं पेटंट 28 जानेवारी 1958 रोजी डेन्मार्कमध्ये मागितलं, त्याच्या वरच्या दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर असतं. ठोकळ्याची उंची 9.6 मिमी आणि पातळ पट्टीची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे 3.2 मिमी. पट्टीवरची बटणं काढून वरचा भाग गुळगुळीत केला की झाली फरशी. दोन बटणं लांब, दोन बटणं रुंद अशी 2×2 फरशी म्हणजे 16 मिमी बाजूचा चौरस. एवढ्या भांडवलावर पुढचा सगळा हिशेब होतो.

आता त्या दुकानात उभा राहणारा प्लॅस्टिकचा माणूस घ्या. तो सुमारे 40 मिमी उंच. खरा माणूस 165 सेंटिमीटरचा धरला तर प्रमाण साधारण 1:41 येतं. म्हणजे 8 मिमीची एक चौकट खऱ्या जगात 33 सेंटिमीटरची, आणि 2×2 फरशी 66 सेंटिमीटरची! सव्वादोन फुटांच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी छोट्याशा दुकानात कोण घालेल? पुस्तिकेने नेमकं तेच केलं होतं. एका मुलीने हरकत घेतली, ‘‘सर, पण हा माणूस जाडा आहे. रुंदीवरून काढू या.’’ तिचं बरोबर होतं. रुंदी 16 मिमी, खऱ्या माणसाची 45 सेंमी धरली तर प्रमाण 1:28 होतं आणि एक चौकट साधारण 22 सेंमीची येते. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या आठ इंची असत. म्हणजे 1×1 च्या फरश्या वापरल्या तर चहाच्या दुकानाची जमीन शोभते. 2×2 वापरल्या की दरबार भरतो. पुस्तिकेच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की सोळा बाय सोळा बटणांच्या खोलीला 2×2 च्या 64 फरश्या पुरतात, 1×1 च्या मात्र 256 लागतात.

गंमत म्हणजे उंचीच्या मापाने 2×2 ची राखाडी फरशी एका जमिनीला चपखल बसते: दोन फुटी शहाबादी. मुलांनी आमच्या शाळेचा व्हरांडा केला तेव्हा तिथे नक्षी काहीच नव्हती, आणि माझ्या मते आतापर्यंतची ती सगळ्यांत खरी जमीन होती.

या खेळण्याच्या कर्त्यांनाही जमिनीचं महत्त्व हळूहळूच पटलेलं दिसतं. शहरातल्या रस्त्याकडेच्या इमारतींची लेगोची मोठी मालिका 2007 साली ‘कॅफे कॉर्नर’पासून सुरू झाली. ती इमारत बाहेरून देखणी, आत रिकामी. पुढे सामान आलं, फरश्या आल्या. मालिकेच्या दहाव्या वर्षी, 2017 साली आलेल्या ‘असेंब्ली स्क्वेअर’मध्ये तर 4002 तुकडे आहेत. प्रगती खरी, पण अशा पुस्तिकांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्या जमिनीपासून सुरुवात करतात. खोली कशाची, दार कुठे, हे कळण्याआधीच मूल ‘इथे पांढरी, तिथे काळी’ असं मणी ओवल्यासारखं करत जातं. खरा गवंडी फरशी शेवटी घालतो, भिंती आणि गिलावा झाल्यावर. त्याला तेव्हा दार दिसतं, उजेड कुठून येतो ते दिसतं. आमच्या मुलांना जमीन बदलायची होती, तर आख्खी इमारत उतरवावी लागली. तेव्हापासून आम्ही जमीन वेगळ्या पाटावर करतो आणि भिंतींच्या आत ठेवतो. दाराची चौकट मात्र तेवढी उचलून घ्यावी लागते, नाहीतर दार फरशीला अडतं.

दुसरी तक्रार मुलांची. गुळगुळीत फरशीवर माणसं घट्ट उभी राहत नाहीत. बटणच नाही तर पाय अडकणार कशात? टेबलाला धक्का लागला की सगळी गिऱ्हाईकं आडवी. म्हणजे जितकी जमीन सुंदर, तितका खेळ अवघड. यावर एक सोपा तुकडा आहे. पट्टीच्या मधोमध एकच बटण असतं, तिला हौशी मंडळी जंपर म्हणतात. नक्षीत ठरावीक ठिकाणी हे तुकडे पेरले की बटण फुलाच्या मध्यासारखं दिसतं आणि माणूसही उभा राहतो. जी नक्षी खेळाला जागाच ठेवत नाही तिला मी तरी कमी गुण देईन.

खरी मजा आली ती तिरक्या जमिनीत. जुन्या घरांत लाद्या भिंतीला 45 अंशांत घातलेल्या असतात, तशी जमीन मुलांना हवी होती. बटणं मात्र हट्टाने भिंतीला समांतर. 2×2 फरशीच्या पोटात मधोमध नळी असते. ती एकाच बटणावर बसते आणि हवी तशी फिरते. ती तिरकी केली की भिंतीच्या दिशेने तिचा कर्ण मोजायचा: 16×√2, म्हणजे 22.63 मिमी. तीन बटणांचं अंतर 24 मिमी. मावली! अशा चौकटी शेजारी शेजारी मांडल्या, तर जिथे चार चौकटींचे कोपरे मिळतात तिथे आणखी एका तिरक्या फरशीची जागा उरते. पहिल्या फरश्या 1×1 पट्टीवर बसवायच्या आणि दुसऱ्या अर्ध्या बटणाने सरकवणाऱ्या 2×2 जंपरवर. शेजारच्या दोन फरश्यांच्या मध्यांतलं अंतर येतं 12√2, म्हणजे 16.97 मिमी. फरशी 16 ची. मध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट, अगदी सिमेंट भरलेल्या सांध्यासारखी.

मुलांना तीही फट नको होती. ‘‘मोठा चौरस घेतला तर फट कमी होईल,’’ असा एकाचा अंदाज. पाच बटणांचा चौरस तिरका करून सात बटणांच्या चौकटीत ठेवायला गेले, तर तो जाईचना. 40 मिमीचा कर्ण 56.57, चौकट 56 ची. अर्धा मिलिमीटर जास्त, पण प्लॅस्टिक ऐकत नाही. पुढे बाराचा चौरस सतरात ठेवून पाहिला: कर्ण 135.76, चौकट 136. आत गेला, आणि फट दिसेना. 3/2, 7/5, 17/12 हे √2 चे जवळचे अपूर्णांक. पहिला मोठा, दुसरा लहान, तिसरा पुन्हा मोठा. फळ्यावर हे मी कितीदा तरी शिकवलं असेल. अपूर्णांक एकदा वरून आणि एकदा खालून जवळ येतो म्हणजे काय, हे मुलांना कळलं ते न मावलेल्या चौरसामुळे. शुल्बसूत्रांतही कर्णासाठी एक, अधिक त्याचा तिसरा भाग, अधिक त्या तिसऱ्याचा चौथा भाग, म्हणजे 17/12 घेऊन मग त्यातून थोडं वजा केलेलं आहे, आणि ती सूत्रंही विटांच्याच वेद्या रचणाऱ्यांची. हा योगायोग म्हणायचा की विटांचा स्वभाव, ते तुम्ही ठरवा.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. पट्ट्या कडेवर उभ्या करून 3.2 मिमीच्या रेषांची लाकडी जमीन करता येते. पाच पट्ट्यांची जाडी बरोबर 16 मिमी, म्हणजे दोन बटणं, त्यामुळे तिथे फटीचा प्रश्नच येत नाही. छोट्या उतरत्या ठोकळ्यांना कुशीवर निजवून, चौकटीत नुसते दाटीने भरून केलेली नक्षी डोळे दिपवते. पण तिला कुठलंच बटण धरून ठेवत नाही, पाट उलटा केला की सगळं खाली. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. एकमेकांच्या आधाराने जागेवर राहणं हीसुद्धा रचनाच आहे. छापील स्टिकर मात्र मला अजिबात मान्य नाही. त्यात नक्षी आहे, हिशेब नाही.

आमची तिरकी जमीन अजून अपुरी आहे. भिंतीलगत त्रिकोणी जागा उरल्या आहेत. गवंडी तिथे लादी कापतो. आम्हाला ठोकळे कापायचे नाहीत. कर्णावर अर्ध्या केलेल्या 2×2 फरश्या हल्ली मिळतात, पण आमच्या खोक्यात त्या नाहीत. सध्या खालचा पाट काळा घेतला आहे आणि भिंतीला लागून साध्या फरश्यांचा पट्टा फिरवला आहे. दुरून ते त्रिकोण काळ्या लाद्यांसारखेच दिसतात. जवळून खड्डे दिसतात, आणि मुलं पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवतात.