अंगणवाडीतले अंगण

कोसबाडच्या प्रयोगाबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक गौरवपर असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा त्याग, तळमळ, मिळालेले पद्म पुरस्कार. यात खोटे काही नाही. पण शिक्षकाला हवी असते ती पद्धत, आणि तीच अशा लेखांतून गळून जाते.

१९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले हे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली; ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळण्यात अडकतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. यातले एकही पाऊल निसर्गाच्या हौसेने उचललेले नाही. प्रत्येक वेळी आधी अडचण आहे, आणि मग तिला दिलेले उत्तर.

साधनांची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. माँटेसोरींची साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने वापरली, असे आपण कौतुकाने सांगतो. पण माँटेसोरींच्या दट्ट्यांच्या पेटीत दहा दट्टे असतात आणि प्रत्येकाचे भोक ठरलेले असते. एक चुकला की शेवटचा बसत नाही; चूक मुलाला आपोआप कळते. खड्यांचे तसे नाही. दहा पाने लहान-मोठी लावायला सांगा. एक मूल लांबी बघेल, दुसरे रुंदी, आणि दोघेही बरोबर असतील. इथे चूक दाखवणारे साधन उरत नाही. मुलाने काय विचार केला हे ओळखणारी बाई लागते. म्हणजे पैसा वाचला, पण भार शिक्षिकेवर आला. फुकटचे साधन स्वस्त असते, सोपे नसते. कोसबाडचे अनुकरण करणारे बहुधा इथेच अडखळतात: परडीभर चिंचोके आणतात आणि पुढे फक्त मोजायला लावतात.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, अंगण किती ठिकाणी गेले? पोषण, लसीकरण यांचे मोल मोठेच आहे. पण अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे एक खोली, भिंतीवर झाडाचे चित्र, आणि खरे झाड दाराबाहेर. उलट शहरात काही पालक मुलांना चिखलात खेळता यावे म्हणून भरपूर शुल्क मोजतात! (चिखलाला भाव आला तो असा.)

हा दोष सेविकेच्या माथी मारू नये. वजने, नोंदवह्या, आहारवाटप सांभाळून एकटीने वीस-पंचवीस मुले ओढ्याकाठी न्यायची कशी? कोसबाडवर यापुढे लिहिणाऱ्याने पुरस्कारांची यादी थोडी आखडती घ्यावी आणि हे सांगावे: कुरणात पाऊस आला तर काय करीत, गुरे पांगली तर धडा कुठे थांबे, आणि एका बाईबरोबर किती मुले असत.