तक्रार पोचली, पुढे काय?

नको असलेली जाहिरात ईमेलने धाडण्याची प्रथा जवळजवळ ईमेलइतकीच जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. आर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप. पत्र मिळताच अनेकांनी तक्रारी केल्या आणि जाळ्याच्या व्यवस्थापकांनी त्यांची तातडीने दखल घेतली. ती घेतली जाण्याचे कारण सोपे होते. तक्रार कोणाकडे करायची हे सर्वांना ठाऊक होते आणि जाळ्याची किल्लीही त्याच्याच हातात होती.

आज ही परिस्थिती राहिलेली नाही. डबाबंद मांसाचे नाव चिकटलेली ही 'स्पॅम' पत्रे शाळेच्या, शिक्षकाच्या, विद्यार्थ्याच्या पत्रपेटीत रोज येऊन पडतात. त्यांची तक्रार नोंदवणाऱ्या सेवा आहेत, कळफलकाच्या एका टिचकीसरशी तक्रार करण्याची सोयही आहे. तरीही तक्रार करणारे बहुतेक जण थोड्याच दिवसांत कंटाळून तो नाद सोडतात. हा कंटाळा आळसातून येतो असे आम्हांला वाटत नाही. तो या सेवांच्या रचनेतूनच येतो. ही रचना नीट तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

टपालाचे शिक्के

ईमेलची ने-आण ज्या संकेतानुसार चालते तो 'एसएमटीपी' संकेत १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून प्रसिद्ध केला. एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या संशोधकांसाठी तो होता. त्यामुळे पत्र पाठवणाऱ्याने आपले नाव खरे लिहिले आहे की नाही, हे तपासण्याची तरतूद त्यात नव्हती. पोस्टकार्डावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे.

पोस्टकार्डावर मात्र टपाल कचेरीचा शिक्का असतो. ईमेललाही असे शिक्के असतात. पत्र ज्या ज्या संगणकातून पुढे जाते, तो प्रत्येक संगणक पत्राच्या माथ्यावर 'रिसीव्हड' अशी एक ओळ जोडतो. पत्र कोणत्या आयपी पत्त्यावरून आले आणि केव्हा आले, हे त्या ओळीत असते. नवी ओळ नेहमी जुन्या ओळींच्या वर बसते. म्हणून सर्वांत वरचा शिक्का आपल्या स्वतःच्या टपाल-संगणकाचा असतो आणि त्यावर विश्वास ठेवता येतो. तेथून एकेक ओळ खाली उतरत जायचे. जेथे दोन शिक्क्यांचा मेळ बसत नाही, तेथे थांबायचे, कारण त्याखालच्या ओळी लबाडाने स्वतःच लिहिलेल्या असू शकतात.

हे काम माणसाने करायचे तर चिकाटी लागते. १९९८ साली ज्युलियन हाइट यांनी सुरू केलेली 'स्पॅमकॉप' ही सेवा ते यंत्राकडून करून घेते. तक्रारदाराने संपूर्ण पत्र शिक्क्यांसह तेथे चिकटवायचे. सेवा उगमाचा आयपी पत्ता शोधते, तो कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहे हे नोंदवहीत पाहते आणि त्या कंपनीच्या तक्रार-कक्षाला पत्र धाडते. असा कक्ष असावा आणि त्याची पेटी 'अब्यूज' या नावाने ओळखली जावी, हा संकेत १९९७ साली ठरला. शिवाय तक्रारींवरून दोषी पत्त्यांची एक काळी यादी तयार होते. जगभरचे टपाल-संगणक तिच्या आधारे पत्रे नाकारतात. नव्या तक्रारी आल्या नाहीत तर सुमारे २४ तासांत पत्ता यादीतून आपोआप निघतो. शिक्षा कायमची नसावी, हा विचार या रचनेतला सर्वांत चांगला भाग आहे, असे आम्ही मानतो.

तीन गृहीतके

एवढे सुबक यंत्र असूनही तक्रारदाराच्या हाती निराशा का येते? आमच्या मते ही रचना तीन गृहीतकांवर उभी आहे आणि तिन्ही डळमळीत आहेत.

पहिले गृहीतक असे, की उगमाचा संगणक सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला. प्रत्यक्षात असंख्य स्पॅम पत्रे 'बॉटनेट'मधून निघतात. बॉटनेट म्हणजे विषाणू शिरल्यामुळे दुसऱ्याच्या हुकमतीखाली गेलेले हजारो घरगुती वा कार्यालयीन संगणक. तक्रार जाते ती अशा संगणकाच्या मालकाविरुद्ध, आणि तो स्वतःच फसलेला असतो. एक संगणक दुरुस्त होईपर्यंत दुसरे शंभर कामाला लागलेले असतात.

दुसरे गृहीतक असे, की कंपनीला तक्रार हवी असते. काही कंपन्यांचे तक्रार-कक्ष खरोखर दक्ष आहेत. काहींच्या पेट्या मात्र भरून वाहतात आणि पत्र परत येते. काहींनी तर आम्हांला तक्रारी पाठवू नका असे स्पष्ट कळवलेले असते. मग स्पॅमकॉप ती तक्रार केवळ आकडेवारीत जमा करते. पंधरा मिनिटे खर्चून तक्रार करणाऱ्या माणसाला ती कोठेच गेली नाही असे समजले, तर त्याने दुसऱ्या दिवशी उत्साहाने पुन्हा बसावे ही अपेक्षा अवाजवी आहे. त्यातही दोन दिवसांपेक्षा जुने पत्र ही सेवा स्वीकारत नाही. ताज्या पुराव्यालाच किंमत असते हे शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. पण आठवड्यातून एकदा पत्रपेटी उघडणाऱ्या शाळेला त्यामुळे दार बंद होते.

तिसरे गृहीतक सर्वांत फसवे आहे. तक्रारीनंतर पत्रे थांबली म्हणजे तक्रार यशस्वी झाली, असे आपण समजतो. पण अप्रामाणिक कंपनी तक्रार थेट स्पॅम पाठवणाऱ्याच्या हाती देते आणि तो फक्त तक्रारदाराचा पत्ता यादीतून गाळतो. बाकी लाखो जणांना पत्रे जातच राहतात. तक्रार करणारे तेवढे बाहेर पडले की उरलेली यादी गप्प बसणाऱ्यांची, म्हणजे अधिक सुरक्षित होते. येथे तक्रारदाराची शांतता हाच लबाडाचा फायदा असतो. तक्रारदाराचा पत्ता झाकण्याची काळजी स्पॅमकॉप घेते. परंतु पत्राच्या मजकुरात दडवलेल्या सांकेतिक खुणेवरूनही तो ओळखता येतो.

उतावळेपणाचे फळ

या संथ मार्गाला कंटाळून निघालेल्या आक्रमक मार्गाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. इस्रायलमधील ब्लू सिक्युरिटी या कंपनीने 'ब्लू फ्रॉग' नावाची योजना चालवली. सभासदाला आलेल्या प्रत्येक स्पॅम पत्रामागे जाहिरातदाराच्या संकेतस्थळावर एक नकारपत्र आपोआप जाई. सुमारे पाच लाख सभासद झाल्यावर त्या नकारपत्रांचे ओझे जाणवू लागले. मे २००६ मध्ये एका स्पॅम टोळीने प्रतिहल्ला केला. आपली यादी ब्लू फ्रॉगच्या नोंदवहीशी ताडण्याआधी आणि ताडल्यानंतर कशी होती, यांतील फरकावरून टोळीने सभासद ओळखले, त्यांना धमक्या धाडल्या आणि कंपनीचे संकेतस्थळ बंद पाडले. त्याच महिन्यात योजना गुंडाळावी लागली. 'मला पत्रे नकोत' अशा पत्त्यांची राष्ट्रीय यादी करू नये, असा निष्कर्ष अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००४ मध्येच काढला होता. तशी यादी स्पॅम पाठवणाऱ्यांना आयतेच घबाड ठरेल, हे त्यामागचे कारण होते.

काळ्या याद्यांवर आंधळा भरवसा ठेवण्याचा धोकाही २०२१ मध्ये दिसला. यादीत पत्ता आहे का, हे टपाल-संगणक एक विशिष्ट नाव विचारून पाहतो. उत्तर मिळाले तर पत्ता दोषी. 'असे नाव नाही' हे उत्तर आले तर निर्दोष. ३१ जानेवारी २०२१ रोजी स्पॅमकॉपच्या नावाची नोंदणी नूतनीकरण न झाल्याने संपली. त्यानंतर कोणतेही नाव विचारले तरी उत्तर मिळू लागले. परिणामी जगातला प्रत्येक पत्ता दोषी ठरला आणि चांगली पत्रेही परत गेली. चूक लवकर सुधारली गेली. परंतु मौन म्हणजे निर्दोष अशी रचना केली की एका कारकुनी विसरभोळेपणाने सारे जग गुन्हेगार ठरते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

घाव कोठे घालावा

मग तक्रारी व्यर्थच का? तसे नाही. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील मॅकोलो या कंपनीची इंटरनेट जोडणी तिला ती पुरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी तोडली. अनेक बॉटनेटची सूत्रे तेथून हलत होती आणि एका पत्रकाराने त्याचे पुरावे या कंपन्यांपुढे मांडले होते. जगातील स्पॅम एका दिवसात निम्म्याहून अधिक घटले. काही महिन्यांनी ते पुन्हा वाढले हे खरे. तरी पानापानाची तक्रार आणि बुंध्यावरचा घाव यांतला फरक त्यातून स्पष्ट झाला.

दुसरा बुंधा पैशाचा. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एका बॉटनेटमध्ये शिरून मोजमाप केले. औषधांच्या जाहिरातीची सुमारे ३५ कोटी पत्रे गेली आणि खरेदीपर्यंत पोचले ते २८ जण. म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक. पत्र धाडणे जवळजवळ फुकट असल्यामुळे तेवढ्यावरही धंदा चालतो. परंतु २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधे, नकली वस्तू आणि संगणक-प्रणाली यांपैकी सुमारे ९५ टक्के मालाचे पैसे केवळ तीन बँकांमार्फत वळते होत होते. संगणक लाखो असतात, बँका मोजक्या. तक्रार कोठे न्यावी, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

पत्रपेटीतील 'स्पॅम कळवा' हे बटण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते सोपे आहे, म्हणूनच गढूळ आहे. स्वतः मागवलेले वार्तापत्र कंटाळा आला म्हणून स्पॅम ठरवणारेही असतात. तरी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना ओळख सिद्ध करण्याची सक्ती केली आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखण्याची अट घातली. हजारात तीन तक्रारी एवढी ही मर्यादा आहे. तक्रारीला येथे निश्चित वजन मिळाले. मात्र हा नियम प्रामाणिक व्यापाऱ्याला बांधतो. चोर नवे नाव घेऊन येतो.

आपल्याकडे नको असलेल्या फोन आणि लघुसंदेशांसाठी १९०९ हा क्रमांक आहे आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. ईमेल त्यांच्या कक्षेत येत नाही. पैशाची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवता येते. साध्या कटकटीला मात्र वाली नाही.

शिक्षकांना आमचे सुचवणे असे. एका स्पॅम पत्राचे शिक्के छापून वर्गात द्यावेत आणि विश्वासाची साखळी कोठे तुटते, हे मुलांना वरून खाली शोधू द्यावे. पत्रातील दुवे मात्र उघडू नयेत, आणि अनोळखी पत्रातील 'नाव काढा' हा दुवाही दाबू नये. पत्ता जिवंत आहे, एवढेच त्यातून कळते. पुराव्याला किती मर्यादेपर्यंत मानायचे, याचा इतका स्वस्त धडा दुसरा नाही.

आणि या सेवांकडे आमचे मागणे एकच आहे. तक्रार स्वीकारली एवढे सांगून थांबू नका. ती कोणाला दिली, त्याने काय केले, आणि काहीच केले नसेल तर तसे, हे तक्रारदाराला कळवा. १९७८ च्या त्या ४०० जणांना आपल्या तक्रारीचे काय झाले ते समजले होते. आज जाळे कितीतरी पटींनी वाढले आहे, तरी उत्तर मिळण्याचा तक्रारदाराचा हक्क कमी झालेला नाही.