बंद करा, पुन्हा सुरू करा: एका सूचनापत्रकाचे परीक्षण

विज्ञानविषयक पुस्तकांची परीक्षणे आपण वाचतो. पाठ्यपुस्तकातील एखादा धडा नीट उतरला नाही तर त्यावर वादही घालतो. पण तंत्रज्ञानाविषयीचे एक लेखन घराघरांत पोहोचते आणि त्याचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. ते म्हणजे उपकरणाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले सूचनापत्रक. येथे परीक्षणासाठी घेतले आहे ते केबल मोडेम आणि बिनतारी राउटर यांच्यासोबत येणाऱ्या पत्रकाचे शेवटचे पान, 'अडचणी आणि उपाय'. हे पान कोणत्याही एका कंपनीचे नाही. त्याचा साचा सगळीकडे जवळपास सारखाच असतो: डाव्या रकान्यात तक्रार, उजव्या रकान्यात उपाय.

शिक्षकांनी या पानाकडे लक्ष का द्यावे? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर आले, तेव्हा 'सर, आवाज येत नाही', 'बाई, तुम्ही दिसत नाही' या तक्रारी शिक्षकांकडेच आल्या. शाळेतल्या संगणक कक्षातही जोडणी बिघडली की प्रथम बोलावणे येते ते विज्ञानाच्या शिक्षकाला. पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. दोष शोधणे ही विज्ञानाच्या पद्धतीची घरगुती परीक्षा असते. निरीक्षण, तर्क, चाचणी आणि निष्कर्ष या चारही पायऱ्या तेथे हाताशी असतात. हे पान त्यांतली चाचणी तेवढी ठेवते आणि बाकीच्या तीन गाळून टाकते. माझा आक्षेप एवढाच आहे. काय करायचे ते पान सांगते. केल्यावर काय कळले ते सांगत नाही.

एक तक्रार, पाच कड्या

'इंटरनेट चालत नाही' ही एकच तक्रार दिसत असली तरी तिच्यामागे निदान पाच कड्यांची साखळी असते. पहिली कडी मोबाइल किंवा संगणक आणि राउटर यांच्यातील, रेडिओतरंगांची. दुसरी पत्त्याची: राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी एक अंकी पत्ता देतो. तिसरी राउटर आणि मोडेम यांना जोडणाऱ्या हातभर तारेची. चौथी मोडेमपासून केबलचालकाच्या केंद्रापर्यंत जाणाऱ्या समाक्ष केबलची. दूरचित्रवाणीसाठी टाकलेल्या केबलवरून संगणकाची माहिती कशी न्यावी हे ठरवणारे 'डॉक्सिस' हे मानक १९९७ साली आले. पाचवी कडी त्या केंद्राच्या पलीकडची. आपण टंकलेल्या नावाचा अंकी पत्ता शोधून देणारी 'डीएनएस' ही व्यवस्था तिच्यातच येते.

आपल्याकडे आता बऱ्याच घरांत समाक्ष केबलची जागा प्रकाशीय तंतूने घेतली आहे. तेथे मोडेमऐवजी प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर करणारी पेटी असते. म्हणजे चौथी कडी बदलते, साखळी तीच राहते.

सूचनापत्रकात ही साखळी बहुधा नसते. जोडणीची आकृती असते, पण ती तारा कोठे खुपसायच्या एवढ्यापुरतीच. त्यामुळे वाचकाला उपायांची यादी मिळते, पण कोणता उपाय कोणत्या कडीचा हे कळायला मार्ग उरत नाही.

पहिली सूचना

सर्व पत्रकांत आणि दूरध्वनीवरील सर्व मदतकेंद्रांत पहिला उपाय एकच: बंद करा, थोडे थांबा, पुन्हा सुरू करा. हा उपाय खोटा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. राउटर हा एक छोटा संगणकच असतो. घरातून सुरू असलेल्या प्रत्येक संवादाची नोंद तो आपल्या स्मृतीत ठेवतो. कधी ही नोंदवही भरते, कधी आज्ञावलीतील चूक साचत जाते, कधी पत्त्याची मुदत संपून नवा पत्ता घेताना गोंधळ होतो. वीज तोडली की हे सारे पुसले जाते आणि पाटी कोरी होते.

'तीस सेकंद थांबा' यालाही कारण आहे. आतील धारित्रांमध्ये साठलेला विद्युतभार ओसरायला वेळ लागतो. तो ओसरला नाही तर स्मृती पुरती पुसली जाईलच असे नाही. आधी मोडेम आणि मग राउटर, हा क्रमही सकारण आहे. राउटर सुरू होताच मोडेमच्या बाजूला पत्ता मागतो. मोडेम तोवर केंद्राशी जोडला गेलेला नसेल तर राउटरला खरा पत्ता मिळत नाही. शिवाय अनेक केबल मोडेम सुरू झाल्यावर प्रथम जोडलेल्या उपकरणाचीच ओळख लक्षात ठेवतात. म्हणून मोडेमला आधी संगणक जोडला होता आणि आता नवा राउटर लावला, तर सारे दिवे ठीक असूनही काही चालत नाही. मोडेम बंद करून सुरू केला की तो नव्या पाहुण्याला ओळखू लागतो.

ही कारणे दोन ओळींत सांगता आली असती. ती गाळल्यामुळे सकारण कृतीला तोडग्याचे रूप येते. तीस सेकंद मोजणारा मुलगा आणि मांजर आडवे गेले म्हणून सात पावले मागे जाणारा माणूस यांच्यात मग फारसा फरक राहत नाही.

या सूचनेचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तिने एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात: स्मृती पुसली जाते, पत्ता नवा मिळतो, रेडिओची वाहिनी बदलू शकते, केंद्राशी जोडणी नव्याने होते. जोडणी सुधारली तर यांपैकी कशाने, हे कळत नाही. सुधारली नाही तर कोणती कडी निर्दोष ठरली, हेही कळत नाही. प्रयोगशाळेत एकदम चार चले बदलणाऱ्या विद्यार्थ्याला आपण टोकतो. येथे तर पहिल्याच ओळीत तसे करण्याची आज्ञा आहे, आणि ती पाळताना बिघाडाच्या वेळची सर्व चिन्हेही पुसली जातात.

दांड्या कशाच्या?

पुढची सूचना 'सिग्नल तपासा' अशी असते. मोबाइलवरील वाय-फायच्या दांड्या फक्त पहिल्या कडीचे बळ दाखवतात. बाहेरची केबल तुटलेली असली तरी राउटरजवळ उभे राहिल्यावर दांड्या पूर्ण भरलेल्याच दिसतील. हे एक वाक्य पानावर असते तर अनेकांचा वेळ वाचला असता.

'राउटर उंच आणि मोकळ्या जागी ठेवा' ही सूचना चांगली आहे. तिला फक्त भौतिकीची जोड हवी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तरंगांची तीव्रता एक चतुर्थांश, म्हणजे ६ डेसिबेलने कमी होते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या तरंगांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या तरंगांची त्याच्या निम्म्याहूनही कमी. दुसरा पट्टा अधिक वेगवान, पण काँक्रीटच्या भिंतीत तो लवकर क्षीण होतो. लोखंडी कपाटामागे राउटर ठेवला तर पलीकडच्या खोलीत छाया पडणारच.

'वाहिनी बदलून पाहा' ही सूचना तर अर्धवटच म्हणावी लागेल. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या आहेत. त्या एकमेकींपासून ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंद असते. म्हणून परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच उरतात: १, ६ आणि ११. शेजारी १ वर आहे म्हणून आपण ३ वर गेलो तर दोघांचेही नुकसान होते. एकाच वाहिनीवरील राउटर एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात; ३ वरचा मात्र १ वरच्या राउटरला नुसता गोंगाट वाटतो.

घट्ट बसवा

'केबल घट्ट बसली आहे याची खात्री करा' ही माझ्या मते पानावरील सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी समजावलेली सूचना आहे. केबल मोडेमला मिळणारा संदेश १ मिलिव्होल्टच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजतात. मानकानुसार तो उणे १५ ते अधिक १५ या मर्यादेत असावा लागतो. म्हणजे ढोबळमानाने ०.१८ ते ५.६ मिलिव्होल्ट. दूरचित्रवाणी संचासाठी केबलला दोन फाटे फोडणारा विभाजक लावला की संदेश सुमारे साडेतीन डेसिबेलने घटतो. असे दोन विभाजक एकामागोमाग आले तर मूळ शक्तीचा जेमतेम पाचवा भाग मोडेमपर्यंत पोहोचतो. पत्रक हे सांगत नाही. अनेक केबल मोडेम हे आकडे स्वतःच दाखवतात; संगणकाच्या न्याहाळकात १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की ते पान उघडते. म्हणजे मापक घरातच असते. त्याचा उल्लेख मात्र ग्राहकासाठीच्या पानावर क्वचितच आढळतो.

सैल जोडाचा परिणाम एका घरापुरताही राहत नाही. घराकडून केंद्राकडे जाणारे संदेश कमी वारंवारतेवर असतात. अमेरिकेत मूळ मानकानुसार ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झ. मोटारी, ठिणग्या, लघुलहरी रेडिओ यांचा गोंगाट याच पट्ट्यात सैल जोडातून शिरतो आणि सर्व घरांचा गोंगाट केंद्राकडे जाताना एकत्र होतो. एका घरातील ढिला जोड अशा रीतीने शेजाऱ्यांचीही जोडणी बिघडवू शकतो. 'घट्ट बसवा' या दोन शब्दांत नागरिकशास्त्राचाही एक धडा आहे.

गेटिस यांच्या घरची तक्रार

या पानाची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. जिम गेटिस हे संगणकशास्त्रज्ञ. एक्स विंडो प्रणालीच्या आणि एचटीटीपीच्या घडणीत त्यांचा वाटा होता. २०१० साली ते बेल लॅब्समध्ये होते. त्यांच्या घरी केबल मोडेमची जोडणी होती आणि इंटरनेट मंद झाल्याची तक्रार घरातली मुले वारंवार करत. गेटिस तपासायला बसले की दोष नाहीसा व्हायचा.

अखेर त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यांची नोंद ठेवली, विलंब मोजला आणि त्या नोंदी इतर जाणकारांना दाखवल्या. त्यातून कारण उलगडले. घरातून मोठ्या फायली बाहेर पाठवणे सुरू असे, तेव्हा एका छोट्या संदेशाच्या जाण्यायेण्याला एक सेकंदाहून अधिक वेळ लागत होता. तपासणीसाठी ते हातातले काम थांबवत, फायली जाणे थांबे आणि दोषही जाई.

मूळ दोष उपकरणांच्या रचनेत होता. स्मृती स्वस्त झाली म्हणून मोडेम आणि राउटर यांत माहिती थोपवून धरणाऱ्या रांगा मोठ्या ठेवल्या गेल्या होत्या. समजा, रांग २५६ किलोबाइटची आहे आणि बाहेर जाणारा वेग सेकंदाला २ मेगाबिट आहे. भरलेली रांग रिकामी व्हायला सुमारे एक सेकंद लागेल, आणि मागून आलेल्या प्रत्येक छोट्या संदेशाला तेवढे ताटकळावे लागेल. पुडकी गळू लागली की पाठवणारा संगणक वेग कमी करतो. पण लांब रांगेमुळे ती गळतच नाहीत, म्हणून तो वेगही कमी करत नाही. गेटिस यांनी या दोषाला 'बफरब्लोट' हे नाव दिले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी 'कोडेल' ही पद्धत मांडली, आणि पुढे केबल मोडेमच्या मानकातही रांगेच्या नियंत्रणाची तरतूद झाली.

पहिल्या सूचनेप्रमाणे मोडेम बंद करून सुरू केला असता, तर फायलींचे जाणे तुटले असते, रांग रिकामी झाली असती आणि उपाय लागू पडला असे सर्वांना वाटले असते. दोष मात्र जसाच्या तसा राहिला असता.

पान कसे असावे?

पत्रक घाईत असलेल्या सामान्य माणसासाठी असते, त्याला भौतिकी कशाला, असा प्रतिवाद होईल. तो विचारात घ्यायला हवा. पण प्रत्येक सूचनेला एक वाक्य जोडले तरी पुरते. उदाहरणार्थ: 'काहीही बंद करण्यापूर्वी कोणते दिवे लागले आहेत ते लिहून ठेवा. दुसऱ्या मोबाइलवर चालत असेल तर दोष पहिल्या उपकरणात आहे. राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर चालत असेल तर दोष रेडिओच्या कडीत आहे. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. ८.८.८.८ या अंकी पत्त्याकडून उत्तर येते पण नावाने काही उघडत नाही, तर दोष नावांच्या व्यवस्थेत आहे. एका वेळी एकच बदल करा.' एवढा मजकूर पोस्टकार्डावर मावेल. तो वाचलेला ग्राहक मदतकेंद्राला 'चालत नाही' असे न सांगता 'चौथ्या कडीपर्यंत ठीक आहे' असे सांगू शकेल, आणि मग त्याला तिसऱ्यांदा तीस सेकंद मोजायला लावणे कोणालाही जड जाईल.

वर्गात हे शिकवायला इंटरनेटचीही गरज नाही. एक घट, एक दिवा आणि एकसरीत जोडलेले आठ तारेचे तुकडे घ्या. त्यांपैकी एक तुकडा आतून तुटलेला, वरून धडधाकट दिसणारा असू द्या. विद्यार्थ्यांना फक्त एक व्होल्टमापक द्या आणि कमीत कमी चाचण्यांत तुटका तुकडा शोधायला सांगा. टोकापासून एकेक तपासणाऱ्याला सात चाचण्याही लागू शकतात. दरवेळी मधोमध मापन करणाऱ्याचे काम तीन चाचण्यांत होते. त्यानंतर प्रत्येकाने घरातील एखाद्या उपकरणाचे सूचनापत्रक आणावे आणि त्यातील प्रत्येक उपायापुढे 'यावरून काय कळेल?' याचे उत्तर लिहावे. जेथे उत्तर लिहिता येणार नाही, तेथे त्या पानाचा दोष सापडला असे समजावे.