जंतू नावाचा मुलगा

मीरा रोडच्या एखाद्या मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहा. हात धुवायच्या लिक्विडची चौकशी चालू असते आणि एकाच शत्रूची चार नावं कानावर पडतात. कॉलेजातली मुलगी 'जर्म्स' म्हणते. टीव्हीवरच्या जाहिराती पाठ असलेला शाळकरी मुलगा 'कीटाणू' म्हणतो. नया नगरचे चाचा 'जरासीम' म्हणतात. राई-मुर्ध्याकडची मराठी आजी 'जंतू' म्हणते, आणि शेजारी उभी असलेली गुजराती आजीही 'जंतू'च म्हणते. बाटली सगळ्यांना एकच मिळते.

या चारांपैकी तीन शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, आणि ती मरणाची नाही, जन्माची आहे.

'जर्म' इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, आणि त्याआधी लॅटिनमध्ये तो 'गेर्मेन' होता. अर्थ कोंब, अंकुर. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचा धागा 'जन्म देणे' या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी जोडतात. त्याच धातूतून संस्कृतचा 'जन्' आला, आणि 'जन्'पासून जन्म, जननी, जनता. आणि जंतूसुद्धा. म्हणजे जर्म आणि जंतू हे एकमेकांचे लांबचे भाऊ. 'जरासीम' वेगळ्या कुळातला, अरबी. पण ज्या शब्दाचं ते अनेकवचन, त्याचा जुना अर्थही मूळ, झाडाचा बुंधा, उगम असाच.

संस्कृतात जंतू म्हणजे जन्मलेला, बस. गीतेच्या पाचव्या अध्यायात अज्ञानामुळे मोहात पडणारे 'जंतू' आहेत, ते बॅक्टेरिया नव्हेत. ते तुम्ही-मी.

मग एवढा ऐसपैस शब्द बाटलीच्या लेबलाएवढा कसा झाला? इंग्रजीत साधारण १८०० च्या आसपास 'रोगाचं बीज' या अर्थाने जर्म वापरात आला. तेव्हा ती नुसती उपमा होती. बी मातीत रुजतं तसा रोग शरीरात रुजतो, एवढंच. पुढे पाश्चर आणि कॉख यांनी दाखवून दिलं, की हे बीज खरोखर जिवंत असतं. १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू ओळखला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने आपली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. अशा काळातून गेलेल्या भाषेला जंतूची भीती वाटली तर तिला दोष देता येत नाही. हळूहळू 'रोगजंतू'तला 'रोग' न उच्चारताही कळू लागला.

माझी तक्रार त्यापुढची आहे. इंग्रजीने जर्मचा कोंब मोडून टाकला नाही. गव्हाच्या दाण्यातला अंकुर तिथे अजून जर्मच आहे, आणि मनात नुकत्याच उगवलेल्या कल्पनेलाही तोच शब्द चालतो. आपण मात्र वाटणी करून टाकली. उगवणं अंकुराला, कोंबाला, मोडाला दिलं आणि मारणं जंतूला. स्वयंपाकघरात रात्री दुधाला विरजण लावताना आपण कोट्यवधी जिवाणूंना कामाला लावतो, पण विरजणाला जंतू म्हटलं तर आई रागावेल.

आता तर जाहिरातींच्या हिंदीतून आलेला 'कीटाणू' जंतूचीही जागा घेतोय. कीट अधिक अणू, म्हणजे किड्याचा बारीक तुकडा. यात जन्म नाही, मूळ नाही, फक्त चिरडायची सोय आहे. शब्द परका आहे म्हणून मला खटकत नाही, मीरा रोडला राहून तसं म्हणणं शोभणारही नाही. खटकतं ते हे, की तो ऐकताच हात आपोआप स्प्रेकडे जातो आणि विचार थांबतो.

महाभारताच्या वनपर्वात एका मुलाचं नावच जंतू आहे. सोमक राजाला शंभर राण्या आणि हा एकुलता एक मुलगा. एकदा मुंगी चावली म्हणून पोर रडलं, शंभर आयांनी आकांत मांडला आणि राजा दरबार सोडून धावत आला. एकच मुलगा असणं म्हणजे सततची धास्ती, असं त्याला वाटलं. पुरोहिताने उपाय सांगितला. जंतूचा बळी द्यायचा, यज्ञाचा धूर राण्यांनी हुंगायचा, म्हणजे शंभर पुत्र होतील. आया मुलाला ओढून धरत राहिल्या, तरी बळी दिला गेला. शंभर मुलगे झाले, आणि त्यांतला थोरला पुन्हा जंतूच होता.

हात धुताना मला ही गोष्ट हटकून आठवते. भीती एका मुंगीची होती आणि आगीत गेलं ते पोर.

भाईंदरला याच्या उलट टोकाचं दृश्य रस्त्यावर दिसतं. पहाटे अनवाणी चालणारे जैन साधू, काहींच्या तोंडावर पांढरी मुहपत्ती. कोविडमध्ये आपण मास्क लावला तो जंतूंपासून स्वतःला वाचवायला. मुहपत्ती असते ती आपल्या श्वासापासून हवेतल्या बारीक जिवांना वाचवायला. दोन्ही कापडं तोंडावरच, पण एकामागे जंतू शत्रू आहे आणि दुसऱ्यामागे जंतू म्हणजे जन्मलेला. ऑपरेशन थिएटर निर्जंतुकच हवं, यात वाद नाही. पण 'निर्जंतुक' या शब्दाचा अक्षरशः अर्थ 'जिथे जन्मलेलं कुणीच नाही' असा होतो, हेही माहीत असावं.

कारण हे शब्द सूक्ष्मदर्शकाखाली राहत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये मीरा रोडला भाषेवरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी माणसांचा मोर्चा निघाला. मागण्यांवर, मारहाणीवर वाद घालायला हरकत नव्हती. पण त्या आठवड्यात माझ्या फोनवर कमेंट्समध्ये 'कीड', 'किडे', 'साफ करा' हे शब्द दोन्ही बाजूंनी आले. काही लिहिणारे माझ्या ओळखीचे होते, एकाच मेडिकलमधून औषधं घेणारे. रवांडात १९९४ च्या कत्तलीआधी रेडिओवरून शेजाऱ्यांना 'झुरळं' म्हणण्याची सवय लावली गेली होती. मीरा रोड रवांडा नाही. पण माणसाला कीड म्हटलं की पुढचं क्रियापद भाषेने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

सोमकाच्या गोष्टीचा शेवट फारसा सांगितला जात नाही. मेल्यावर राजाला दिसलं, की तो पुरोहित नरकाच्या आगीत भाजतोय. राजा धर्माला म्हणाला, हे याने माझ्यासाठी केलं, याला सोडा, याच्या जागी मी आत जातो. एकाच्या कर्माचं फळ दुसऱ्याला भोगता येत नाही, असं धर्माने सांगितलं. तरी राजा अडून बसला, आणि पुरोहिताच्या बरोबरीने तितकाच काळ त्या आगीत राहिला. सुरी पुरोहिताच्या हातात होती, राजाने फक्त उपाय विचारला होता.

तशी कमेंट मी कधी लिहिली नाही. पण त्या जुलैत एकदोन वाचून मी हसलो होतो, आणि एक फॉरवर्डही केली होती.