कातळावरचे हात आणि आपली समीक्षा

नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. मध्य प्रदेशातील चित्रांकित गुहांचे नाव भीमबेटका. छिन्नी चालविणारा, गेरू घोटणारा हात कोणाचा, हा प्रश्न अशा नावांखालीच गाडला जातो.

कोकणातील कातळशिल्पांचे कर्तेही अज्ञातच. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटरचा हत्ती कोरलेला आहे. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. २०२३ मध्ये यादीतल्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती-परीक्षण झाले. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना पोलिसांनी उचलले. वारसा जगाचा, पण त्या जमिनीवर राहणाऱ्यांना शब्द नाही!

आपली विद्यापीठीय समीक्षा तरी काय करते? ती लिपीपासून मोजायला लागते. अक्षर नाकारलेल्यांची अभिव्यक्ती मग 'लोककला' म्हणून परिशिष्टात जाते.

मात्र दलित समीक्षेने या शिल्पकारांना घाईने आपले पूर्वज ठरवू नये. पुराव्यावाचून नाव चिकटविणे ही तर पांडवलेण्यांचीच रीत झाली. निनावी माणसाला निनावी ठेवूनही त्याच्या श्रमाला मान देता येतो. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत साहित्येतिहासाचा पहिला तास लिपीआधीच्या या हातांपासून सुरू झाला पाहिजे.